मिलानहून पोंत्रेसिना, तेही साध्या ट्रेनने आणि कमी पैशात

इटलीला जाणाऱ्या बऱ्याच लोकांच्या यादीत इटलीतल्या तिरानोहून आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाणारी ती लाल रंगाची बर्निना ट्रेन असते, आणि बहुतेक जण सरळ बर्निना एक्सप्रेस, म्हणजे मोठ्या काचांच्या पॅनोरमा डब्यांची टुरिस्ट गाडी, सर्च करतात, रिझर्वेशनचा वेगळा चार्ज बघतात, सीझनमध्ये सीट फुल दिसतात आणि मग एकतर महागडं पॅकेज घेतात नाहीतर प्लॅनच सोडून देतात. म्हणून आधीच सांगते, त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून आणि त्याच हिमनद्यांसमोरून जवळपास दर तासाला साधी रिजनल ट्रेन जाते, तिला रिझर्वेशन लागत नाही आणि तिकीट कधीच संपत नाही. माझ्या मते तीच जास्त चांगली आहे, कारण पॅनोरमा डब्यांच्या काचा उघडत नाहीत आणि साध्या गाडीत काही डब्यांच्या खिडक्या चक्क खाली करता येतात, फोटो काढणाऱ्यांना हे किती मोठं सुख आहे ते तिथे गेल्यावरच कळतं.

मुक्कामाचं गाव म्हणून मी सेंट मॉरिट्झ नाही, पोंत्रेसिना सुचवीन. याच लाइनवरचं, स्वित्झर्लंडमधलं साधारण १८०० मीटरवरचं गाव, सेंट मॉरिट्झच्या अगदी शेजारी, आणि स्टेशनला लागूनच युथ हॉस्टेल आहे, त्यामुळे बॅगा ओढत टॅक्सी शोधायची वेळच येत नाही. फक्त एप्रिल-मे आणि नोव्हेंबर हे महिने टाळा, त्या वेळी स्कीचा सीझन संपलेला असतो किंवा सुरू व्हायचा असतो आणि बरीचशी हॉटेलं बंद असतात.

आता प्रवास. याचे दोन तुकडे आहेत आणि दोन्हींची तिकिटं वेगवेगळी घ्यायची.

पहिला तुकडा मिलानो चेंत्राले, म्हणजे मिलानचं मुख्य स्टेशन, ते बॉर्डरजवळचं इटालियन गाव तिरानो. ही ट्रेनॉर्ड कंपनीची रिजनल गाडी, लाइनचं नाव आरई ८, वेळ अडीच तासांच्या आसपास आणि तिकीट साधारण १३ युरो. इटलीतल्या फास्ट ट्रेनची तिकिटं विमानासारखी वर-खाली होतात, तिथे लवकर बुक करण्यात फायदा असतो, पण रिजनल गाडीचा रेट ठरलेला असतो, महिनाभर आधी घ्या नाहीतर निघायच्या दहा मिनिटं आधी, पैसे तेवढेच. त्यामुळे या भागासाठी कुठल्या तरी थर्ड पार्टी साइटवर बुकिंग फी भरून तिकीट घेण्यात काहीच अर्थ नाही, ट्रेनॉर्डच्या ॲपवर किंवा स्टेशनच्या मशीनवर घ्या. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत बसायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये पंच करायला अजिबात विसरू नका, पंच न केलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच धरतात आणि टीसी दंड लावतो. आणि चेंत्रालेला तिकीट दाखवल्याशिवाय प्लॅटफॉर्मवर सोडत नाहीत, म्हणून तिकीट हाताशी ठेवा.

मिलानहून निघताना डावीकडची सीट पकडा. लेक्कोच्या पुढे गाडी कोमो सरोवराच्या पूर्व काठाने जाते, मधे बोगदे येतात पण वारेन्ना, बेल्लानो, कोलिकोपर्यंत अधूनमधून पाणी दिसत राहतं, आणि या नजाऱ्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही. कोलिकोनंतर वाल्तेल्लिना खोरं सुरू होतं, डोंगरउतारावर द्राक्षांच्या पायऱ्या दिसतात, मग सोंद्रिओ आणि शेवटी तिरानो.

तुमचं विमान बर्गामोला उतरत असेल, स्वस्त एअरलाइन्स बऱ्याचदा तिथेच उतरवतात, तर मिलानला जायचीच गरज नाही. एअरपोर्टवरून बसने बर्गामो स्टेशन, तिथून लेक्कोची रिजनल ट्रेन, आणि लेक्कोला तीच तिरानोची गाडी. वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात. आणि लोंबार्दी प्रांतात दोन-तीन दिवस फिरणार असाल, म्हणजे मिलानची मेट्रो, एखादा दिवस कोमो किंवा बर्गामो आणि मग तिरानो, तर प्रांतभर चालणारा एक, दोन, तीन किंवा सात दिवसांचा पास मिळतो, त्यात रिजनल ट्रेन, बस, मेट्रो सगळं येतं. सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहा, बऱ्याचदा पास परवडतो.

तिरानोला दोन स्टेशनं एकमेकांच्या शेजारीच आहेत, इटालियन स्टेशनातून बाहेर पडलं की चौकाच्या कडेलाच रेशियन रेल्वेचं, म्हणजे बर्निनाच्या गाड्या चालवणाऱ्या स्विस कंपनीचं, छोटं स्टेशन, दोन मिनिटांचं अंतर. पण माझं ऐका, इथे लगेच पुढची गाडी पकडू नका, एक गाडी सोडा. तासाभराने दुसरी येतेच. गावात जेवून घ्या, कारण इथे जे जेवण मिळतं तेच बॉर्डरपलीकडे दुपटीने महाग होतं. पित्झोक्केरी नावाचा बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचा पास्ता इथली खासियत आहे, त्यात बटाटा, कोबी आणि भरपूर चीज असतं, म्हणजे शाकाहारी माणसाचीही सोय झाली. मग सुपरमार्केटमधून दोन दिवसांचा ब्रेड, चीज, फळं, बिस्किटं घेऊन ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बरीच दुकानं बंद असतात हे लक्षात असू द्या. मांस नेणार असाल तर माणशी १ किलोची मर्यादा आहे. पाण्याच्या बाटल्या मात्र उचलू नका, तिकडे नळाचं पाणी उत्तम असतं.

दुसरा तुकडा तिरानो ते पोंत्रेसिना, साधारण सव्वादोन तास आणि एका बाजूचं सेकंड क्लासचं भाडं ३० स्विस फ्रँकच्या आसपास. प्रवासाचा मोठा खर्च हाच आहे आणि इथेच लोक गोंधळतात, कारण नेटवर सगळीकडे स्विस पास घ्या, हाफ फेअर कार्ड घ्या असं लिहिलेलं असतं. नीट हिशोब करा. हाफ फेअर कार्डाने भाडं अर्धं होतं हे खरं, पण कार्डाच्याच किमतीच्या दुप्पट प्रवास स्वित्झर्लंडमध्ये होणार असेल तरच ते वसूल होतं, नुसत्या या एका जाण्या-येण्यासाठी होणार नाही. तेव्हा पुढे झुरिक वगैरे फिरणार नसाल तर साधं तिकीट घ्या आणि मोकळे व्हा. एकाच दिवसात जाऊन परत यायचं असेल तर मात्र एसबीबीच्या, म्हणजे स्विस सरकारी रेल्वेच्या, ॲपवर सेव्हर डे पास बघा, तो पूर्ण दिवस चालतो, तिरानोपर्यंत चालतो आणि जितका लवकर घ्याल तितका स्वस्त पडतो, पण एकदा घेतला की पैसे परत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर ६ वर्षांखालच्यांना सोबतच्या मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही आणि ६ ते १५ वयाच्या मुलांना अर्धं भाडं.

साध्या तिकिटाचा आणखी एक फायदा, जो मला सगळ्यात मोठा वाटतो, ते ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. मिलानची गाडी अर्धा तास लेट झाली तरी तिकीट फुकट जात नाही, आणि त्या दिवसात मधल्या स्टेशनांवर उतरून पुढच्या गाडीने जाता येतं. म्हणजे ३० फ्रँकमध्ये अख्ख्या दिवसाची सहल होते. मी म्हणेन दोन ठिकाणी उतराच. एक आल्प ग्रुम, २०९१ मीटरवर, तिथे गाडीरस्ता जातच नाही, ट्रेनने किंवा पायी एवढेच पर्याय, आणि समोर पालू हिमनदी. दुसरं मोर्तेराच, तिथून हिमनदीच्या दिशेने सोपी पायवाट आहे आणि वाटेत कोणत्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता त्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, पाटीमागून पाटी येते पण बर्फ काही जवळ येत नाही, ते बघून आत काहीतरी हलतं, मुलांना तर आवर्जून दाखवा. मोर्तेराचसारख्या छोट्या स्टेशनांवर गाडी मागितली तरच थांबते, डब्यातलं बटण आधी दाबायचं आणि प्लॅटफॉर्मवर असाल तर तिथलं.

या मार्गावर बसायचं परत डावीकडेच, लागो बियांको सरोवर आणि मोर्तेराचची हिमनदी त्या बाजूला येते, फक्त पोस्कियावो गावाच्या आधीचं मोठं तळं उजवीकडे दिसतं. सुरुवातीला ब्रुझिओचा गोल पूल येतो, तिथे गाडी स्वतःभोवती पूर्ण वळसा घेऊन वर चढते. तिरानो ४२९ मीटरवर आणि ओस्पित्सिओ बर्निना स्टेशन २२५३ मीटरवर, एवढी चढण दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. १९१० साली ही लाइन पूर्ण झाली आणि २००८ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात, शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, पण पासपोर्ट जवळच ठेवा, बॉर्डरवर कधीकधी चेकिंग होतं. मोबाइलकडे मात्र लक्ष द्या, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही त्यामुळे इटलीत घेतलेल्या सिमचं रोमिंग तिकडे चालेलच असं नाही, आणि चाललं तर बिल जबरदस्त येऊ शकतं. प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड लिहिलंय का ते बघून मगच सिम घ्या, नाहीतर तिरानोला डेटा बंद करा आणि तिकीट, टाइमटेबलचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. पैसे फ्रँकमध्ये, पण कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे संप, इटालियनमध्ये शोपेरो, तिथे रेल्वेचे संप होत असतात पण ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक रिजनल गाड्या सोडाव्याच लागतात, तेव्हा संपाच्या दिवशी सकाळची गाडी धरा. दुसरं म्हणजे लेक्को ते तिरानो लाइनवर काम चालू आहे का, उन्हाळ्यात कधीकधी तुकडा बंद करून बस सोडतात आणि मग वेळ बराच वाढतो.

परत येताना तिरानोहून मिलानची शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवा, स्विस बाजूच्या गाड्या तासातासाला असल्या तरी ही तशी नसते, काही वेळा दोन तासांचं अंतर असतं. शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहू नका, तिच्या आधीची पकडायची असं धरूनच पोंत्रेसिनाहून निघा, आणि दुसऱ्या दिवशी मिलानहून विमान असेल तर दुपारीच खाली उतरा.