जीव्हीएचडीच्या औषधाची चाचणी: मोजमाप कसं ठेवायचं

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटतात, तो जीव्हीएचडी. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज किलोमागे 2 मिलिग्रॅम (60 किलोच्या माणसाला 120) देऊनही तीन दिवसांत आजार वाढला किंवा सात दिवसांत उतार पडला नाही, तर साधारणपणे स्टिरॉइड लागू पडलं नाही असं धरतात. मग बहुधा रक्सोलिटिनिब हे औषध देतात. 2020 साली छापून आलेल्या रीच-2 चाचणीत 28 व्या दिवशी त्याचा गुण 62 टक्के रुग्णांना आला, इतर उपचारांचा 39 टक्क्यांना. ज्यांना त्यानेही गुण येत नाही, त्यांच्यासाठी नवी औषधं तपासावी लागतात.

अशा चाचणीसाठी सही करण्याआधी सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागून स्वतः पडताळा. संमतीपत्र मराठीतच घ्या. चाचणी मध्येच सोडता येते.

घोळ होतो तो जुलाब मोजताना, आणि वॉर्डात हे काम बहुतेकदा नातेवाइकाच्याच गळ्यात पडतं. ‘आज सहादा गेले’ या नोंदीचा उपयोग नाही, मिलिलिटर हवेत. मोठ्या माणसात दिवसाला 500 ते 999 मिली हा आतड्यांच्या आजाराचा पहिला टप्पा, 1000 ते 1500 दुसरा, त्यापुढे तिसरा. 800 मिली जुलाबात 300 मिली लघवी मिसळली की कागदावर 1100 होतात आणि गुण देणारं औषध नापास ठरतं. म्हणून आधी लघवी वेगळ्या भांड्यात, मग बेडपॅन. डायपर असेल तर कोरा आणि भरलेला दोन्ही तोला. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. (तो काटा पुन्हा ओट्यावर नको.) सकाळी 8 ते दुसऱ्या सकाळी 8 हा एक दिवस. रक्त दिसलं तर बेरीज करत बसू नका, लगेच कळवा.

पुरळ मोजायला रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा 1 टक्का. सावळ्या अंगावर लाली काळपट दिसते. फोटो रोज त्याच खिडकीशी, दिवसाउजेडी काढा.

नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय निभत नाही, पण ओल्या ताट्यांवर बुरशी धरते. रुग्णाच्या खोलीत तो नकोच. फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीवरच्या गोळ्या रक्सोलिटिनिबची रक्तातली पातळी वाढवतात, मग प्लेटलेट घसरतात. मेडिकलमधून परस्पर काही आणू नका. पपनस आणि ग्रेपफ्रूटही त्याच कारणाने बंद. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर रात्री दोन वाजलेले असले तरी चाचणीचं कार्ड घेऊन रुग्णालयात निघा.