युरिमाग्वासहून इकितोसला नदीमार्गे जाताना

पेरूच्या ईशान्येला, ॲमेझॉनच्या काठी वसलेल्या इकितोस या बंदराच्या शहराची लोकसंख्या चार लाखांहून अधिक असली, तरी देशाच्या उर्वरित भागातून तेथे रस्ता जात नाही. शहरातून बाहेर पडणारा एकमेव लांब रस्ता सुमारे १०० किलोमीटरवरच्या नाउता गावाशी थांबतो. विमानाने लिमाहून दोनेक तासांत पोहोचता येते. परंतु हे शहर जंगलात का आणि कसे उभे राहिले हे समजून घ्यायचे असेल, तर नदीनेच जावे.

तयारी घरूनच सुरू होते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, शासनमान्य केंद्रातच घ्यावी आणि तेथे मिळणारे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. पेरूहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे ते विमानतळावर मागितले जाते आणि नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. इकितोस ज्यात येते त्या लोरेतो भागात मलेरियाही आहे, तेव्हा प्रतिबंधक गोळ्यांविषयी त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तारापोतो शहराहून डोंगर उतरून मोटारीने युरिमाग्वासला यावे. वायागा नदीवरच्या या धक्क्यापाशी डांबरी रस्ता संपतो आणि येथून 'लांचा' म्हणजे मालवाहू बोटी सुटतात. बोटीवरच्या फळ्यावर सुटण्याची वेळ लिहिलेली असते, पण तिच्यावर विसंबू नये. खालच्या डेकवर सिमेंट, कांदे, बिअरची खोकी, कधी गुरेही चढत असतात आणि माल भरल्याशिवाय बोट हलत नाही. त्यामुळे फळ्यापेक्षा हमालांकडे लक्ष ठेवावे. पुढच्या विमानाचे तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे सोडलेले बरे, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण पाणी उतरलेले असताना बोट वाळूच्या पट्ट्यात रुतू शकते.

प्रवास साधारण अडीच ते तीन दिवसांचा असतो आणि तो सुखाचा होईल की नाही, हे बरेचसे झोपायच्या झोळीवर (हॅमॉकवर) ठरते. झोळी गावच्या बाजारातच घ्यावी, मात्र जाळीची नव्हे तर जाड कापडाची, कारण चालत्या बोटीवर रात्रीचा वारा चांगलाच बोचतो. सोबत दोन हात दोराचे दोन तुकडे घ्यावेत. शक्य तितक्या लवकर बोटीवर चढून वरच्या डेकवर, इंजिन आणि शौचालय या दोहोंपासून दूर आणि डोक्यावर दिवा येणार नाही अशी जागा पाहून छताच्या आडव्या लोखंडी दांडीला ती बांधावी. झोळी ताणून न बांधता तिला चांगला झोल ठेवावा आणि तिच्यात सरळ न झोपता तिरके झोपावे. म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते. शेजाऱ्याची झोळी हातभर अंतरावरही नसते, तेव्हा कोपर लागल्याचे वाईट वाटून घेऊ नये. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच ठेवावेत.

जेवणाची घंटा वाजली की आपले ताट-चमचा घेऊन रांगेत उभे राहायचे असते. भात, केळी, घेवडा आणि बहुधा कोंबडी मिळते. शाकाहारी माणसाने मेतकूट आणि दशम्या बरोबर ठेवाव्यात. पिण्याचे पाणी मात्र पुरेसे बरोबर न्यावे, कारण नळाला नदीचेच पाणी येते. लागुनास गावी विक्रेत्या 'हुआने' घेऊन येतात. हा कर्दळीसारख्या पानात बांधून उकडलेला कोंबडी-भात असतो. पान सोडताच येणारा वास हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्लेल्या माणसाला अगदीच परका वाटणार नाही.

नाउताला बरेच प्रवासी उतरून रस्त्याने पुढे जातात, कारण त्यात कित्येक तास वाचतात. माझ्या मते ही चूक आहे. गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात मारान्योन आणि उकायाली या नद्यांचा संगम होतो आणि पेरूमध्ये तेथून पुढच्या प्रवाहाला ॲमेझॉन म्हणतात. तेवढ्यासाठी झोळीतून उठून कठड्याशी उभे राहावे.

इकितोसला उतरल्यावर तीनचाकी मोटोकार्रो मिळते. भाडे आधीच ठरवावे. बेलेन वस्ती पाहायची असेल, तर महिना लक्षात घ्यावा. नदीची पातळी वर्षभरात सुमारे १० मीटरने वरखाली होते. एप्रिल-मेमध्ये तेथील ओंडक्यांवरची घरे तरंगत असतात आणि फिरण्यासाठी होडी करावी लागते. सप्टेंबरमध्ये तीच घरे चिखलात टेकलेली असतात आणि तेव्हा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत.