प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताय? सुतळी आणि कोळंबी घेऊन जा

दहावीला विज्ञान मिळालं त्या पहिल्या वर्षी मला वाटलं, प्राण्यांचं वर्गीकरण हा तर आरामाचा धडा, आकृत्या आयत्या आहेत, नावं वाचायची, लक्षणं सांगायची, झालं. पोरांनी गटांची नावं पाठ पण केली, रंध्रीय, निडारिया, चपट्या कृमी, गोलकृमी, अगदी पाढ्यासारखं. आणि मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, हायड्रा माणसाला ओढून नेतो का?" वर्ग हसला, मीही हसले, पण पुस्तक उघडून बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं, पानावर हायड्रा पण बोटभर आणि जेलीफिश पण बोटभर! खरा हायड्रा गोड्या पाण्यातला, जेमतेम एक सेंटीमीटरचा.

तेव्हापासून नव्याने शिकवणाऱ्यांना मी एकच सांगते, आकृतीला नावं द्यायच्या आधी शेजारी प्राण्याच्या खऱ्या मापाची रेघ मारून घ्या. हायड्राची रेघ जेमतेम सेंटीमीटरभर. पट्टकृमी, म्हणजे पोटातला टेपवर्म जंत, पानावर वेटोळं घालून दोन इंचात बसवलेला असतो, त्याची रेघ वहीत मावतच नाही, मग मी तीन मीटर सुतळी काढते आणि बाकांवरून फिरवते. पोटात एवढा?? मग कच्चं मांस, अर्धवट शिजलेलं, हात धुणं, सगळं तीच विचारतात.

दुसरं म्हणजे बाजार. आम्ही रत्नागिरीचे, मिरकरवाड्यावरून शंभर रुपयांची कोळंबी आणि दोन माकुल (स्क्विड) आणली की संधिपाद (सांध्यांच्या पायांचे) आणि मृदुकाय (मऊ अंगाचे) दोन्ही गट झाले. झुरळाच्या आकृतीमुळे पोरं सगळ्या संधिपादांना सहाच पाय काढतात. कोळंबी उताणी करून मोजायला लावली, चालायचे पाच जोड्या, त्याच्या मागे पोहायचे अजून पाच, आणि पुढच्या तीन जोड्यांना बारीक चिमटे, हे तर रोज कालवण खाणाऱ्यांनीही कधी बघितलं नव्हतं. माकुलाच्या पाठीतून ती काचेसारखी पट्टी ओढून काढली आणि सांगितलं की शिंपल्याचं जे कवच बाहेर, ते ह्याचं आत एवढंच उरलंय, तेव्हा 'मृदुकाय' शब्द डोक्यात बसला. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांना जबरदस्ती नको हं, त्यांना गोगलगाईचा शंख द्या.

आणि हो, हे शेवटच्या तासाला करा. आमच्या नंतर गणित होतं, सर पूर्ण तास नाकाला रुमाल लावून शिकवत होते.