ख्रिस्ती माणसांवर मारलेले शिक्के कसे तपासावेत

ख्रिस्ती समाजाविषयीची बातमी समोर आली की वाचक घटनेची शहानिशा करतो, पण घटनेतल्या माणसांना लावलेली विशेषणे मात्र बहुधा तशीच स्वीकारतो. ‘कट्टर’, ‘मिशनरी’, ‘पुराणमतवादी’, ‘पाश्चात्त्य धर्माचे’, ‘पीडित’ हे शब्द मजकुरात इतक्या सहजपणे येतात की त्यांच्यामागे कोणाचे तरी मत दडलेले आहे, हे ध्यानातही येत नाही. असा मजकूर वाचताना, लिहिताना किंवा इतरांना पाठवताना कोणते प्रश्न विचारावेत, ते पुढे मांडले आहे. वाचक स्वतः ख्रिस्ती असो वा नसो, प्रश्न तेच राहतात.

हा पेच फार जुना आहे. इ.स. ११२च्या सुमारास रोमन साम्राज्यातील बिथिनिया-पाँटस या प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातील एका भागाचा, राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले होते की, शिक्षा ‘ख्रिस्ती’ या नावासाठीच द्यायची, की त्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या गुन्ह्यांसाठी. त्या शतकात ख्रिस्ती लोकांवर नास्तिकतेपासून नरमांसभक्षणापर्यंतचे आरोप होत असत. प्लिनीने चौकशी केली, तीही दोन दासींचा छळ करून. आणि त्याच्या हाती लागले ते इतकेच की ही माणसे ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी आणि व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर एकत्र बसून साधे, निरुपद्रवी अन्न खातात. त्याआधीच त्याने हे नाव सोडायला तयार नसलेल्या काहींना देहदंड दिलेला होता. नाव आणि कृत्य यांच्यातला जो फरक प्लिनीला उशिरा सुचला, तो वाचकाने पहिल्याच ओळीपासून लक्षात ठेवायचा आहे.

आधी विचारावे : नेमके कोण?

प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे २३० कोटी ख्रिस्ती होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांची संख्या आता युरोपातील ख्रिस्ती लोकांहून अधिक आहे. सुमारे १४० कोटी कॅथलिक पोपचे नेतृत्व मानतात, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च ते मानत नाहीत, आणि प्रोटेस्टंटांमध्ये अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल असे कितीतरी प्रवाह असून त्यांतील अनेकांमध्ये एका मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, निर्णय दुसऱ्या मंडळीवर बंधनकारक नसतो. त्यामुळे ‘ख्रिश्चनांची भूमिका’ असे शब्द दिसले की तेथेच थांबावे आणि ही भूमिका कोणत्या चर्चची, कोणत्या पातळीवरील कोणत्या पदाधिकाऱ्याची, हे मजकुरात सापडते का ते पाहावे. पोपच्या विधानाबद्दल बॅप्टिस्ट शेजाऱ्याला जाब विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि असे जाब प्रत्यक्षात विचारले जातात.

एक उदाहरण बारकाईने पाहू. समजा, ‘नव्या शिक्षण धोरणाला ख्रिश्चनांचा विरोध’ असे शीर्षक आहे. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचत गेल्यावर कळते की कॅथलिक बिशपांच्या एका परिषदेने शाळांच्या व्यवस्थापनाविषयीच्या एका कलमावर आक्षेप नोंदवला आहे आणि उरलेल्या धोरणाचे स्वागत केले आहे. म्हणजे शीर्षकात तीन ठिकाणी फुगवटा आला : परिषदेचा समाज झाला, कलमाचे धोरण झाले आणि आक्षेपाचा विरोध झाला. ‘शाळा व्यवस्थापनाच्या कलमावर कॅथलिक बिशपांचा आक्षेप’ असे शीर्षक दिले असते, तर एकच शब्द वाढला असता आणि वाचकाची दिशाभूल टळली असती. असे शीर्षक मनातल्या मनात दुरुस्त करून पाहण्याची सवय लावून घेतली, तर बातमी कोठे घसरली ते फार लवकर कळू लागते. ज्यांच्या हाती संपादन आहे, त्यांनी कर्ता, कर्म आणि क्रियापद हे तिन्ही वेगवेगळे तपासावेत, कारण एक दुरुस्त केले की बाकीची दोन नजरेतून सुटतात.

पदनामांचेही तसेच आहे. सरसकट ‘पाद्री’ लिहिल्याने कॅथलिक फादर आणि प्रोटेस्टंट पाळक यांच्यातील भेद पुसला जातो. पहिला लॅटिन विधीचा, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचा, असेल तर सहसा अविवाहित असतो, दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी कुटुंब असते. ‘मिशनरी’ हा शब्द त्याहून जपून वापरावा. त्याच गावात जन्मलेल्या आणि तेथील मंडळीनेच नेमलेल्या पाळकाला मिशनरी म्हटले की तो बाहेरून आला आहे, कोणीतरी त्याला पाठवले आहे, असा अर्थ आपोआप चिकटतो. कोणी, कोठून आणि कशासाठी पाठवले, या प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर तो शब्द तेथे शोभत नाही.

ख्रिस्ती धर्म म्हणजे पाश्चात्त्य धर्म, हे समीकरणही याच गडबडीतून येते. आर्मेनियाच्या राजसत्तेने हा धर्म चौथ्या शतकाच्या आरंभी स्वीकारला, इथिओपियातील अक्सुमचा राजा एझाना त्याच शतकात ख्रिस्ती झाला आणि स्वतःची परंपरा येशूचा शिष्य प्रेषित थोमा याच्यापर्यंत नेणाऱ्या केरळमधील ख्रिस्ती समाजाच्या अस्तित्वाची नोंद सहाव्या शतकातील प्रवासवर्णनात मिळते. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हा धर्म रुजला, तो त्यानंतर कित्येक शतकांनी. वसाहतवादी सत्तांबरोबर अनेक देशांत मिशनरी गेले, हे खरे आहे आणि ते लिहिलेही पाहिजे. पण ते त्या त्या देशाच्या इतिहासात, त्या त्या सालासह लिहावे.

नाव कोणी दिले?

अंत्युखिया या प्राचीन शहरात येशूच्या शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले, असे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात म्हटले आहे. पुढे ‘क्वेकर’ आणि ‘मेथडिस्ट’ ही नावेही प्रथम चेष्टेने दिली गेली आणि नंतर त्या त्या लोकांनी ती आपलीशी केली. उलट प्रवासही झालेला आहे. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात श्रद्धेची मूलतत्त्वे मांडणारी एक निबंधमाला निघाली आणि १९२० मध्ये त्या तत्त्वांचे समर्थक स्वतःला अभिमानाने ‘फंडामेंटालिस्ट’, म्हणजे मूलतत्त्ववादी, म्हणवू लागले. आज मूलतत्त्ववादी म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर हिंसाचार येतो. म्हणून साधा नियम असा ठेवावा : ज्याच्याविषयी लिहिले आहे तो ते नाव स्वतःसाठी वापरतो का, हे पाहावे. वापरत असेल तर खुशाल लिहावे. वापरत नसेल तर ते कोण वापरते, हे त्याच वाक्यात सांगावे. ‘मॉर्मन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये आपल्या चर्चचे पूर्ण नाव वापरण्याची जाहीर विनंती केली. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देणे कोणत्याही वृत्तपत्राला अवघड नाही.

‘इव्हँजेलिकल’, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणारे प्रोटेस्टंट, या नावाबाबत मात्र थोडे अधिक थांबायला हवे. २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे जगभर फिरले : स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकी दहातील सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. बातमी एका देशातून दुसऱ्या देशात जाता जाता त्यातला ‘गोऱ्या’ हा शब्द अनेकदा गळाला, मग ‘इव्हँजेलिकल’ गळाला, आणि शेवटी ‘ख्रिश्चनांनी ट्रम्प यांना निवडले’ एवढेच उरले. त्याच अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट, ज्यांच्यातील अनेकांच्या श्रद्धा इव्हँजेलिकल श्रद्धांशी मिळत्याजुळत्या आहेत, मोठ्या बहुमताने विरोधी उमेदवाराच्या बाजूने होते. ज्या गटाचा आकडा आहे, त्या गटाचे पूर्ण वर्णन आकड्याला चिकटून राहिले पाहिजे. भाषांतर करणाऱ्याने येथे विशेष सावध असावे, कारण जागेअभावी गळणारा पहिला शब्द बहुधा हाच असतो.

धर्माचा उल्लेख केव्हा हवा?

धर्म वगळणे म्हणजे निष्पक्षपणा, असा एक समज संपादकीय कामात आढळतो. तो पुरेसा नाही. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेत तीन चर्च आणि काही हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले व अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. काही अमेरिकी नेत्यांनी श्रद्धांजली वाहताना बळींचे वर्णन ‘ईस्टरचे उपासक’ असे केले, तेव्हा ‘ख्रिस्ती’ हा शब्द का टाळला, असा प्रश्न अनेकांनी उपस्थित केला. तो शब्द जाणूनबुजून टाळला, असे म्हणायला आधार नाही. पण चर्च आणि ईस्टरचा दिवस निवडून जो हल्ला केला गेला, त्यात बळींचा धर्म हा घटनेचाच भाग होता आणि तो स्पष्ट शब्दांत यायला हवा होता. त्याचबरोबर हॉटेलांत मरण पावलेल्या सर्वांना ख्रिस्ती ठरवणेही चूक ठरले असते.

दुसरीकडे, २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेमध्ये ७७ जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराचे वर्णन पोलिसांनी सुरुवातीला ‘ख्रिस्ती मूलतत्त्ववादी’ असे केले आणि ते लगोलग जगभर छापले गेले. त्याच्या स्वतःच्या लेखनात मात्र ख्रिस्ती असणे म्हणजे युरोपीय सांस्कृतिक ओळख असा अर्थ होता. ख्रिस्ताशी वैयक्तिक श्रद्धेचे नाते आपण सांगत नाही, असे त्याने लिहिले होते. त्याने ख्रिस्ती प्रतीके वापरली, ही वस्तुस्थिती लपवायची नाही. ती कशासाठी वापरली, ते लिहायचे आहे. कृत्याचा हेतू, बळींची निवड किंवा संबंधित संस्था यांपैकी एखाद्या गोष्टीशी धर्माचा थेट संबंध असेल तर धर्म सांगावा. नसेल तर चोरीच्या बातमीत चोराचा धर्म लिहू नये.

नायजेरियाच्या मध्य भागातील संघर्षांत हे काम सर्वांत कठीण होते. तेथे पशुपालक आणि शेतकरी यांच्यात जमीन व पाणी यांवरून झगडे होतात, पशुपालक बहुतेक मुस्लिम आणि शेतकरी अनेक ठिकाणी ख्रिस्ती असतात, आणि चर्चवरही हल्ले होतात. केवळ धर्मयुद्ध म्हणणारी बातमी अपुरी, आणि केवळ जमिनीचा वाद म्हणणारीही अपुरी. अशा वेळी एका विशेषणात काम उरकू नये. दोन वाक्ये अधिक लिहावीत.

ख्रिस्ती माणूस सत्ताधारी दाखवायचा की दुर्बळ, हेही देशागणिक ठरते. २०१४ मध्ये इराकमधील मोसुल शहरात तथाकथित इस्लामिक स्टेटने ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ‘नसारा’ (ख्रिस्ती लोक) या शब्दाचे पहिले अरबी अक्षर, ‘नून’, रंगवले आणि त्या कुटुंबांना शहर सोडावे लागले. अमेरिकेच्या राजकारणात याच धर्माचे लोक मोठ्या प्रभावाने वावरतात. एका देशातील चित्र दुसऱ्या देशातील ख्रिस्ती शेजाऱ्यावर चिकटवले की तो एकतर बलदंड दिसतो किंवा बिचारा, आणि दोन्ही वेळा त्याची खरी परिस्थिती दिसत नाही.

कोणाचा आवाज किती मोठा?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात टोपिका येथे वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च आहे. सैनिकांच्या अंत्ययात्रांच्या वेळी द्वेषाचे फलक घेऊन उभे राहणारा हा गट बराचसा एका कुटुंबापुरता आहे आणि बॅप्टिस्टांच्या मोठ्या संघटनांशी त्याचा संबंध नाही. तरीही तो कॅमेऱ्यापुढे इतक्या वेळा आला की अनेकांना बॅप्टिस्ट म्हटले की तेच फलक आठवतात. म्हणून कोणत्याही चर्चचे वादग्रस्त विधान वाचताना त्याची सदस्यसंख्या आणि त्याचे कोणत्या संघटनेशी नाते आहे, हे शोधावे. याच्या उलट चूक म्हणजे मोठ्या, मान्यताप्राप्त चर्चचा वाईट इतिहास ‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ असे म्हणून झटकणे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला धार्मिक समर्थन दिले आणि अँग्लिकन आर्चबिशप डेसमंड टुटू यांनी त्याच वर्णभेदाविरुद्ध लढा दिला. दोघांचाही धर्म बातमीत यायला हवा.

चित्रपट आणि मालिका यांबाबत एवढेच पुरे की पाळक दांभिक, नन गूढ आणि श्रद्धाळू बाई भोळसट अशी पात्रे पुन्हा पुन्हा दिसली तर लेखकाने पात्र घडवण्याचे कष्ट घेतलेले नाहीत, असे समजावे.

टीका आणि आकस

हा भाग विशेषतः ख्रिस्ती वाचकांसाठी. जानेवारी २००२ पासून ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि ते दडपल्याची वृत्तमालिका छापली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. त्या बातम्यांत आर्चडायोसीसचे, म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांताचे, नाव होते, धर्मगुरूंची नावे होती, बदल्यांची कागदपत्रे होती. म्हणूनच त्या टिकल्या. अशा वृत्तांकनाला ख्रिस्तीविरोधी म्हणणे हाही एक शिक्काच आहे, आणि त्याने पीडितांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. टीका संस्था, व्यक्ती, कृत्य आणि पुरावा सांगते. आकस ‘हे लोक असेच’ म्हणतो. पुरावा निनावी असेल तर अधिक जपावे. प्लिनीला दिलेल्या उत्तरात ट्रेजनने निनावी आरोपपत्रे मुळीच विचारात घेऊ नयेत, असे बजावले होते.

मजकुरात चूक आढळली तर संपादकांना लिहावे, पण संतापाचे नव्हे, कामाचे पत्र लिहावे. बातमीची तारीख, चुकीचे वाक्य जसेच्या तसे, त्यात नेमके काय चुकले आणि त्याऐवजी सुचवलेले वाक्य, एवढे पुरते. संबंधित चर्चचे अधिकृत निवेदन उपलब्ध असेल तर ते जोडावे. भावना दुखावल्याचा उल्लेख शेवटी आणि एका वाक्यात करावा, कारण संपादकाला दुरुस्ती छापता येते ती वस्तुस्थितीची. उत्तर आले नाही तर एकदा स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर त्या वृत्तपत्राची तक्रार-व्यवस्था किंवा त्या देशातील वृत्तपत्र परिषद असेल, तर तेथे तेच पत्र त्याच शब्दांत सादर करावे.