पेठांतून पुणे पाहताना

जुने पुणे समजून घ्यायचे असेल, तर बहुतेकांप्रमाणे शनिवारवाड्यापासून सुरुवात न करता कसबा पेठेत सकाळीच पोहोचावे आणि पुढे पायीच जावे. ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घेऊन जवळच्या तांबट आळीत शिरावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके ओळीने, एकमेकांना खेटून कसे पडतात, ते येथे थांबून नीट पाहावे; या मठारकामाने भांड्याला चकाकी तर येतेच, शिवाय पत्राही कणखर होतो. पेशवाईत कोकणातून येऊन स्थिरावलेल्या या कारागिरांच्या भांड्यांची जागा घरोघरी स्टीलने घेतली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी दिवे व शोभेच्या वस्तू घडवण्यास सुरुवात केली. छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र परवानगी घ्यावी, कारण ते कामात असतात.

लाल महालात जाताना आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 मध्ये झाली आणि 1828 च्या आगीत आतील वाडा जळाला. त्यामुळे आत महाल शोधण्याऐवजी जोती व कारंजी पाहावीत आणि हत्तींच्या धडकेपासून रक्षणासाठी दिल्ली दरवाजावर ठोकलेले अणकुचीदार खिळे निरखावेत.

बुधवार पेठेत, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये जेथे मुलींची शाळा सुरू केली, तो भिडेवाडा आता उभा नाही; स्मारकासाठी तो डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला. स्मारक उभारण्यासाठी मूळ वास्तूच जावी, हे मनाला पटत नाही. मात्र ती अतिशय मोडकळीस आली होती, हेही खरे.

सर्वाधिक वेळ विश्रामबागवाड्याला द्यावा. दुसऱ्या बाजीरावांच्या या निवासस्थानात इंग्रजी अमलात, 1821 मध्ये, संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे नगरपालिकेची कचेरीही आली. दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे खांब आणि लाकडी कोरीवकाम रस्त्याच्या पलीकडून पाहिल्यास अधिक उठून दिसतात.

तेथून तुळशीबागेतील गर्दीतून वाट काढत राममंदिर पाहावे आणि 1886 मध्ये उघडलेल्या मंडईकडे वळावे. मनोऱ्याखालची अष्टकोनी वास्तू बाहेरून पाहून थांबू नये. भाजीचे गाळे अजूनही आतच आहेत.