स्कॉटिश टॉवर हाउसचा बांधकाम-इतिहास कसा वाचावा

स्कॉटलंडमधील टॉवर हाउस, म्हणजे मनोऱ्याच्या आकाराचे जुने तटबंद निवासस्थान, पाहताना माहितीफलकावरील बांधकामाचे साल थोडा वेळ बाजूला ठेवावे. अशी वास्तू सहसा एका सालात पुरी होत नसे. ज्या घराण्याचे ते मूळ निवासस्थान, त्याच्या हाती पैसा येई तशी ती वाढत जाई.

तळमजल्यावर कमानी छताची अंधारी कोठारे, त्यावर मुख्य दालन आणि वर खासगी खोल्या ही मांडणी जवळजवळ सर्वत्र आढळत असल्याने तिच्यावरून वय ठरत नाही. आधी आराखडा पाहावा. अबर्डीनशरमधील ड्रम येथील तेराव्या शतकातल्या मनोऱ्यासारखा साधा चौकोनी आणि जाड भिंतींचा गाभा सहसा जुना असतो. डंडीजवळच्या क्लेपॉट्सप्रमाणे कर्णरेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांवर बुरूज जोडून, तळाशी रुंद तोंडाच्या जंग्या (बंदुका डागण्याची भोके) ठेवलेला आराखडा सोळाव्या शतकाकडे बोट दाखवतो.

मग जोड शोधावेत. ड्रमला १६१९ मध्ये जुन्या मनोऱ्याला लागून प्रशस्त वाडा बांधला गेला आणि तिथे दोन काळांतला फरक लांबूनही कळतो. अबर्डीनशरमधल्याच क्रेगिव्हारला मात्र चुन्याच्या गिलाव्याने सारे झाकले आहे. मॉर्टिमर घराण्याने सुरू केलेले ते अपुरे काम बाल्टिक व्यापारात श्रीमंत झालेल्या विल्यम फोर्ब्सने १६१० मध्ये विकत घेऊन १६२६ पर्यंत पुरे केले. खालच्या भिंती निराभरण, तर सगळा थाट माथ्यावरच्या बुरजांत आहे. गिलावा असा आड येतो तेव्हा आत शिरून भिंतींची जाडी मोजावी आणि जिना मध्येच दिशा का बदलतो, खिडकीचे कपाट का झाले, याचा विचार करावा. माझ्या मते बाहेरच्या देखण्या बुरजांपेक्षा अशा अडचणीच्या जागाच अधिक बोलतात.

दारावरच्या दगडात कोरलेल्या सालावर एकदम विश्वास ठेवू नये. ते विवाहाचे किंवा दुरुस्तीचे असू शकते, आणि दगडही दुसरीकडून आणून बसवलेला असू शकतो. सोबतची पती-पत्नीची आद्याक्षरे अधिक कामाची, कारण तिथल्या स्त्रिया विवाहानंतरही माहेरचे आडनाव राखत असल्याने दोन घराण्यांची नावे हाती लागतात. ती १६१७ मध्ये सुरू झालेल्या जमीन-हस्तांतरणाच्या सरकारी नोंदवहीत, म्हणजे रजिस्टर ऑफ सेसिन्समध्ये, पडताळावीत.

शेवटी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा एकोणिसाव्या शतकातला मोठ्या प्रमाणाचा नकाशा आजच्या आराखड्यावर ठेवून पाहावा. व्हिक्टोरियन काळात जुन्या धाटणीचे बुरूज नव्याने जोडण्याची हौस फार होती. नकाशात नसलेला बुरूज कितीही पुरातन दिसला, तरी तो नंतरचाच समजावा.