हॉटेलात लागताय? सुपरवायझर कोण, ते आधी विचारा

हॉटेल लाइनमध्ये येणारी मुलं मला पगार विचारतात, हॉटेल किती स्टार ते विचारतात. हाताखाली कुणाच्या काम करायचंय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते आधी तेच विचारावं.

हाउसकीपिंगमध्ये लागले तेव्हा माझ्या वाट्याला दिवसाला १४ खोल्या यायच्या. चेकआउटची खोली राहत्या पाहुण्याच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते. आमच्या फ्लोअर सुपरवायझर मॅडम ब्रीफिंग संपलं की वाटणीचा कागद बघायच्या आणि एकीकडेच चेकआउट साचले असतील तर दोन खोल्या दुसरीकडे वळवायच्या. खोली नापास केली, तर चादरीचा कोपरा स्वतः खोचून दाखवायच्या. कामातला उत्साह, आस्था आणि वेळेचं भान हरपणं या तीन खुणांना अभ्यासक ‘वर्क एंगेजमेंट’ म्हणतात. त्या वर्षी पाय दुखायचे, पण या तिन्ही माझ्यात होत्या.

नंतरचे सर मनाने चांगले. “मुलीला कशाला रात्रपाळी?” म्हणत त्यांनी दोन वर्षं मला नाइट लावलीच नाही. तेव्हा मलाही बरं वाटलं. पुढे बढतीची जागा निघाली आणि ती माझ्याबरोबरच्या मुलाला मिळाली, कारण रात्री एकट्याने विभाग सांभाळल्याचा अनुभव त्याच्याकडे होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामाला बाईची संमती लागते. सुरक्षितता आणि घरापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते. संमती म्हणजे विचारणं आलं. मला कुणी विचारलंच नाही. काळजीपोटी कुणी तुमच्यासाठी परस्पर ठरवत असेल, तर पहिल्याच महिन्यात शांतपणे सांगा: नाइट शिकायची आहे, गाडीची सोय काय आहे?

मुलांची अडचण वेगळी. किचनमधल्या एका सहकाऱ्याची बायको बाळंत झाली. त्याने चार दिवस मागितले, तर “तुझं घरी काय काम?” असं ऐकावं लागलं. मातृत्वाची २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहे. खासगी नोकरीत वडिलांसाठी तशी तरतूद नाही, म्हणजे सगळं वरिष्ठाच्या मनावर. तो रोज वेळेवर यायचा, पण पूर्वीसारखा नवीन काही करून दाखवेना. सहा महिन्यांत सोडून गेला.

ट्रेनिंगला जाल तेव्हा स्टाफ कँटीनमध्ये जुन्या लोकांशेजारी बसा. गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का, एवढंच विचारा.

आता रोस्टर मी लावते. नाइटच्या रकान्यात नाव लिहिण्याआधी प्रत्येकीला विचारते, आणि प्रत्येकालाही.